साडेतेरा रुपयांचे कान

मु. शहापूर, संस्थान सांगली
९ डिसेंबर १९२८

ति. आक्कास सुबरावाचा साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, त्यामुळे साष्टांग तूर्त कागदावरच.

पत्रास कारण की माझ्यावर घोर अन्याय चालला आहे आणि त्याची दाद कोणत्या सरकारात मागावी हे ठरत नाही. माझी खोली आणि शेजारच्या नागुबाईचं मागघर यांच्यामध्ये एकच भिंत. त्या भिंतीपलीकडे पहाटे पावणेपाचला माग सुरू होतो. खट्याक-खट्, खट्याक-खट्. फळीवरचा माझा कप बशीत नाचायला लागतो. काल तो नाचत नाचत कडेला गेला आणि त्यानं जीव दिला. बेळगावात असतो तर एव्हाना कलेक्टरकडे अर्ज गेला असता, तीन प्रतींत. पण मी पडलो परदेशात. इंग्रजी हद्दीचा दगड माझ्या उंबऱ्यापासून पाऊण मैलावर आहे आणि फुटक्या कपाची किंकाळी तिथवर पोचत नाही.

तू म्हणशील, बहिऱ्याला माग कसा ऐकू येतो? येत नाही. पायाला कळतो. जमीन हादरते. खट्याक-खट् हे मी अंदाजानं लिहिलं.

बाकी परदेश मानवला आहे. साहेब लोक पेन्शन झाली की बोटीत बसून विलायतेला जातात. मी टांग्यात बसून शहापूरला आलो. ते पंचावन्नाव्या वर्षी जातात, मी चव्वेचाळिसाव्या. साडेतेरा रुपयांत बेळगावात माणूस झुरून मरतो, इथं सरदारासारखा राहतो. इथल्या लोकांना वेळेची किंमत नाही, दिडकीची फार आहे, आणि परका माणूस दिसला की ते टक लावून बघतात. ही तक्रार नव्हे. परदेशात राहणाऱ्यानं असं लिहायचा रिवाज आहे. तू आणि मी याच गावच्या मागच्या गल्लीत, मागाच्या खड्ड्याशेजारी जन्मलो ही गोष्ट मी इथं काढत नाही. दुसऱ्या कुणी काढली तर मला ऐकू येत नाही.

आता तुझ्या पत्रातला मुद्दा. अंजनीला सांगून आलेलं स्थळ, नागुबाईचा धाकटा यल्लाप्पा, ते घर म्हणजे हीच भिंत. ‘तू शेजारी हाईस, पोरगा कसा हाय ते नीट कान देऊन बघ’ असं तू लिहवून घेतलंस. बहिऱ्याला कान द्यायला सांगणारी जगात तू एकटीच. मुलगा गोरा आहे, नाकेला आहे, अंगानं किरकोळ. बाकी चौकशी करतो.

आणि ते चपलांचं आता पुरे कर. भाऊजींनी कोल्हापूरहून तुला चपला आणल्या तेव्हा निम्मी निपाणी हसली होती, ‘बाईमाणूस आन् पायात चपला!’ तरी तू घातल्यास. भाऊजी गेल्यावरही सोडल्या नाहीस. आणि माझ्या कानांपायी यल्लम्माला नवस बोलून तीन वर्षं अनवाणी फिरतेस, तंबाखूच्या वखारीत, त्या तिखट धुरळ्यात. देवीचा एवढा आग्रह नसतो गं. घाल. मी निपाणीला येऊन सांगितलं असतं, पण मोटारीत फार धक्के बसतात.

हे पत्र अंजनीच मोठ्यानं वाचत असणार. अंजनी, मामाच्या नादात भात करपवू नको.

तुझा सुबराव


शहापूर
५ जानेवारी १९२९

ति. आक्कास सा. न.

तुझे दीर यमनाप्पा परवा घर बघायला येऊन गेले. मला बघताच कानाशी तोंड आणून ओरडले, “सुबरावऽ, बरा हाईस न्हवं?” मी बरा असल्याचं निम्म्या शहापूरला कळलं.

मग नागुबाईकडे बैठक. पाहुणा टेकतो न टेकतो तोच ती थोरल्याला म्हणाली, “परसू, माग सुरू कर रं!” लोक पाहुणे आले की माग थांबवतात. इथं उलटं.

यमनाप्पा म्हणाले, “जरा थांबवा की वो. बोलता येईना.”

“लगीनसराई हाय पावणं, लुगडी द्यायची हाईत. तुमी वरडून बोला, आमाला सवं हाय!”

त्यामुळे हुंडा, मानपान, सोनं सगळं किंचाळून ठरलं. अंजनीच्या अंगावर काय घालणार हे आता दोन्ही सरकारांच्या हद्दीत माहीत आहे. यल्लाप्पा उपरणं तोंडाशी धरून पाचएक मिनिटं बसला, नमस्कार केला आणि आत गेला. “लाजतोय,” नागुबाई ओरडली. “चांगलं हाय,” यमनाप्पा ओरडले.

निघताना गल्लीत त्यांनी मला खुणेनं विचारलं, पोरगा कसा? मी कानाला हात लावून हसलो.

घर बरं आहे, आक्का. दोन माग आहेत, उंबऱ्याला पितळी पट्टी आहे, नागुबाई तोंडाळ असली तरी खायला घालण्यात हात आखडत नाही. एक गंमत तेवढी लिहितो, ती तूच समजशील. यमनाप्पा बसले होते तोवर मागात बाणा नव्हता. धोट्यात सुताची कांडीच नव्हती. रिकामा धोटा इकडून तिकडे पळत होता आणि परसू नुसताच पाय मारत होता. नवव्या वर्षी लग्न होईतो जिनं आपल्या आईशेजारी बसून कांड्या भरल्या, तिला याचा अर्थ सांगायला नको. इतकंच.

सुबराव


शहापूर
२५ जानेवारी १९२९

चि. अंजनीस मामाचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या नावानं आहे. आधी तू एकटीनं वाच.

साखरपुडा झाला, माघात लग्न, असं तुझं कार्ड मिळालं. खाली बारीक अक्षरात तू लिहिलंस: ‘मामा, मागाचा मजकूर आईला वाचून दाखवला नाही. कांड्यांचं नाव निघालं की तिला तिची आई आठवते, मग ती जेवत नाही. म्हणून तेवढा गाळला.’

पोरी, त्या चार ओळींवर मी वीस दिवस सुखानं झोपत होतो. आपण आक्काला सांगितलंय, पुढं तिचं ती बघेल, असं स्वतःला बजावत होतो. कचेरीत आम्ही असंच करायचो. नको ते काम फाइलीत अशा जागी घालून ठेवायचं की कुणाला दिसू नये, आणि बोंब झालीच तर पान काढून दाखवता यावं. तुझं आयुष्यही मी तसंच फाइलीत घातलं.

आता सरळ लिहितो. यल्लाप्पाला क्षय आहे. थुंकीतून रक्त पडतं. पहाटे पावणेपाचला त्याला ढास लागते, म्हणून पावणेपाचला माग सुरू होतो. पाहुणे आले की माग सुरू होतो. विणायला सूत असो वा नसो, त्याच्या खोकल्यावर पांघरूण म्हणून तो माग चालतो.

मला कसं कळलं? मला ऐकू येतं. नेहमीच येत होतं.

मला कचेरीचा कंटाळा आला होता. तगाईचे तेच ते कागद, साहेबाचं तेच ते ओरडणं. तुझी मामी गेल्यावर घरी जायची घाई उरली नाही आणि कचेरीत बसायची हौसही. मग वाटलं, हा साहेब एवढा ओरडतो, तर आपल्याला ऐकू येईनासं झालं तर? डॉक्टरानं माझ्या पाठीमागं फरशीवर रुपया टाकला. रुपया वाजला आणि कारकून वळला नाही असं सरकारच्या पाहण्यात नव्हतं. मी वळलो नाही. माझ्या आयुष्यातला पराक्रम तेवढाच. सर्टिफिकीट मिळालं, साडेतेरा रुपये मिळाले, आणि ओळखीचं कुणी पाठीमागून हाक मारू नये म्हणून मी हद्दीपलीकडं राहायला आलो. विणकरांच्या गल्लीत तसे सगळेच ओरडून बोलतात. बहिरा खपून जातो.

दिवाळीत नागुबाई आणि तिचा भाऊ मारुतीराव माझ्याच कट्ट्यावर पान खात बसले होते. मारुतीराव माझ्या जुन्या कचेरीत पट्टेवाला आहे.

ती म्हणाली, “डाक्टर वरीसभर म्हणतोय. मी म्हणते लगीन झालं की सुधारंल. बायकूच्या हातचं खाईल, अंग धरंल.”

“आगं हळू बोल, सुबराव बसलाय.”

“ह्यो? ह्याच्या कानात तोफ डागली तरी म्हणंल, माशी बसली काय?”

दोघं हसली. अंजनी, मीही हसलो. बावळटासारखं हसून चुन्याची डबी पुढं केली.

म्हणजे तुझ्या आईनं ‘कान देऊन बघ’ म्हणून विचारलं त्याच्या आधीपासून मला माहीत होतं. माहीत असून मी तिला कप फुटल्याचं रडगाणं लिहिलं. कारण साधं आहे. मी बोललो तर ‘ह्याला कुठनं कळलं?’ असं नागुबाई विचारणार आणि दुसऱ्या दिवशी मारुतीराव कचेरीत सांगणार. पेन्शन बंद, वर फसवणुकीचा खटला. तागडीच्या एका पारड्यात तुला बसवलं, दुसऱ्यात साडेतेरा रुपये ठेवले, आणि अडीच महिने ते रुपयेच जड भरले.

लग्न मोडा. मामा समोर येऊन बोलेल असं यमनाप्पांना सांग. आणि हे पत्र आईला वाचून दाखव. या खेपेला एक ओळही गाळू नको.

मामा


शहापूर
३ फेब्रुवारी १९२९

चि. अंजनीस आ.

तुझं पत्र यमनाप्पांनी हातात दिलं. ते वाचताना मला पहिल्यांदाच खरोखर बहिरं व्हावंसं वाटलं. ‘मामाला ऐकू येतं’ इथवर तू वाचलंस आणि तुझी आई उठून उभी राहिली. “आलं! माझ्या भावाचं कान आलं गं!” म्हणत तिनं गल्लीत साखर वाटली. पुढं तू लिहितेस: ‘मामा, “नेहमीच येत होतं” ही ओळ आणि सर्टिफिकिटाचा मजकूर मी गाळला. तिचा आनंद बघून माझ्यानं वाचवेना.’

तुला मी मरणाऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालो होतो आणि तू माझी अब्रू झाकत बसलीस. यावर काय लिहावं हे मला सुचत नाही. एरवी सुचतं.

काय घडलं ते कळवतो. कागदावर लग्न मोडत नाही, सुबरावानं तोंडानं बोलावं, असं म्हणत यमनाप्पा मला घेऊन नागुबाईकडे गेले. मारुतीरावही आला होता. आम्ही बसलो तशी नागुबाईनं मान हलवली आणि परसू खड्ड्यात उतरला. खट्याक-खट् सुरू झालं.

मी म्हटलं, “परसू, थांबव. बाणा नाही त्यात.”

ओरडलो नाही. घरात बोलतात तसं बोललो. परसूचा पाय आपसूक थांबला.

नागुबाई माझ्याकडे बघत राहिली. “तुला ऐकू येतंय?”

“येतंय.”

“कवापास्नं?”

“पहिल्यापासून.”

आणि त्या शांततेत आतल्या खोलीतून खोकला आला. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. मला आणखी काही सांगावं लागलं नाही. यमनाप्पा खाली बघत पागोटं सारखं करत राहिले.

मग नागुबाईचं तोंड सुटलं. “बहिऱ्या, किडं पडतील तुझ्या त्या कानात! माझ्या शेजारी बसून माझंच ऐकत हुतास?” खरं होतं. ती बोलत असेतोवर मला सोपं होतं, शिव्यांना माझ्याकडे उत्तरं असतात. पण मध्येच ती खाली बसली आणि म्हणाली, “माझं बी पोरगंच हाय रं.”

तेवढ्यात यल्लाप्पा दाराशी आला. उपरण्यावर लाल ठिपका होता, तो त्यानं मुठीत झाकला. म्हणाला, “बरं झालं काका. त्या पोरीला मी काय सांगणार हुतो, ह्याचंच भ्या वाटत हुतं.”

तो पोरगा मरायला टेकला असताना तुझा विचार करत होता. मी धडधाकट होतो.

मारुतीरावानं टोपी सरळ केली आणि निघून गेला. त्याला कचेरीत सांगायची तसदी पडू नये म्हणून मी त्याच संध्याकाळी अर्ज टाकला: ‘अर्जदाराचे कान शाबूत असून ते कधीही गेलेले नव्हते.’ बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं छोटं आणि इतकं खरं वाक्य मी सरकारला लिहिलं नव्हतं.

आता साखर वाटणं बंद ठेव. आईला खरं सांगायला मीच येतो. मोटारीचे धक्के खाईन.

मामा


शहापूर
१९ फेब्रुवारी १९२९

चि. अंजनीस आ.

परवा मी आलो तेव्हा तू पाणी आणायला गेलीस आणि परतलीस तेव्हा आम्ही दोघं गप्प होतो. मध्ये काय झालं हे तू विचारलं नाहीस. तुझा हक्क आहे, म्हणून लिहितो.

तुझी आई चुलीपुढं बसली होती. तिच्या टाचा मला दिसल्या. तंबाखूचा धुरळा भेगांत बसून काळ्या पडल्या आहेत. शेवटच्या पेन्शनीतून तिच्यासाठी घेतलेल्या चपला पिशवीत होत्या, त्या काढायचा धीर होईना. मी उभ्यानंच म्हटलं, “आक्का, देवीनं काही केलं नाही. माझे कान गेलेच नव्हते.”

तिनं फुंकणी खाली ठेवली. “म्हाईत हाय.”

“अंजनीनं सांगितलं?”

“ती कशाला सांगती? ती तर वाचताना अडखळली, तवाच वळकलं मी, कायतरी गाळलं. मला वाईट वाटू नये म्हणून तिनं गाळलं, म्हणून मी बी न कळल्यावानी केलं.”

“मग कधीपासून?”

“तुला बघाया बेळगावाला आलते तवाधरनं. दीस उगवल्यापास्नं वरडून वरडून घसा बसला माझा. दुपारी तुझ्या पाठीमागनं हळूच इचारलं, च्या टाकू काय रं? तू म्हणालास, टाक.”

मला आठवलं. डॉक्टराच्या रुपयाला न वळलेला मी बहिणीच्या चहाला वळलो होतो.

“मग नवस कशाला बोललीस?”

“कान येऊ देत म्हणून कवा बोलले? तुमीच सगळ्यांनी तसं धरलं. माझ्या भावाला खरं बोलू दे, म्हणून बोललेते.”

तीच पुढं म्हणाली, चुलीकडे बघत, “पर एक सांगते. त्या नागुबाईच्या घराचं तुला का इचारलं? यमनाप्पा भावजी हुतं, गावात धा माणसं हुती. तुला इचारलं, कारन ह्याला ऐकू येतंय आन् कुनाला ते म्हाईत न्हाय, तवा खरं काय ते ह्यालाच कळंल. तू ‘घर बरं आहे’ लिवलास, आन् मी साखरपुडा केला.”

अंजनी, नागुबाईच्या सगळ्या शिव्या एकीकडं आणि हे एकीकडं. तिनं आवाजही चढवला नाही. चढवला असता तर मी कानांवर हात ठेवले असते.

मग तीच म्हणाली, “पिशवीत काय हाय?”

चपला काढल्या. तिनं पाय घालून बघितला. अंगठ्यापुढं गेलाच नाही. जुन्या मापाच्या घेतल्या होत्या मी, आणि तीन वर्षं जमिनीवर पडून तिचा पाय रुंद झाला आहे. ती हसली. “पाय बी पेन्शनीत गेलं रं माझं.” मी हसायला गेलो आणि जमलं नाही. तेव्हा तू घागर घेऊन आलीस.

तुझं एक काम. या कागदाची मागची बाजू कोरी ठेवली आहे. आई दुपारी आडवी झाली की तिच्या तळव्याला कागद लावून पेन्सिलीनं पाय उतरून घे आणि मला पाठव. जागी झालीच तर खरं सांग.

इकडची खबर: कचेरीनं खुलासा मागवला आहे. यल्लाप्पाला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. नागुबाई माझ्याशी बोलत नव्हती. पण एक माग रिकामा पडला. काल तिनं भिंतीवर थाप मारली. “ऐकू येतंय न्हवं? मग उद्यापास्नं येऊन मागावर बस. फुकट न्हाय, नगावर.” तीस वर्षांत हात विसरलेत. पहिल्या लुगड्याचा काठ बघून परसू दुसरीकडं तोंड करून हसला. पहाटे पावणेपाचची खटखट आता माझी असते, आणि तिची तक्रार करणारा शेजारी भिंतीपलीकडं कुणी उरला नाही.

मामा


शहापूर
११ मार्च १९२९

ति. आक्कास सा. न.

मोटारवाल्याबरोबर पुडकं पाठवतो. चांभारानं तुझ्या पायाचा कागद कातड्यावर ठेवूनच कापलं आहे. बोटभर रुंदी जास्त ठेवायला सांगितली.

पेन्शनीतल्या नाहीत. लुगड्याच्या आहेत.

चार दिवस एरंडेल लाव. नव्या आहेत, चालताना करकर वाजतील. वाजू देत.

सुबराव